सेवाग्रामची सकाळची फेरी

शहरांतला मनुष्य आज सकाळीं उठून बागेंत जातो, झाडांखालच्या आखलेल्या वाटेनें एक फेरी घालतो, आणि जेथून निघाला तेथेंच परत येतो. असल्या फिरण्याला इतिहास तो कसला, असें आपणांस वाटेल. मलाही तसेंच वाटत असे. परंतु आमच्या वर्धा जिल्ह्यांत अशाच एका नित्याच्या फिरण्यांत दहा वर्षें देशाचे मोठमोठे प्रश्न चालतां चालतां बोलले गेले. पस्तीस वर्षें शाळेंत इतिहास शिकवूनही मीं त्याकडे फार उशिरां लक्ष दिलें.

गांधीजींची फिरण्याची संवय वर्ध्याची नव्हे. राजकोटच्या हायस्कुलांत हेडमास्तर दोराबजी एदलजी गिमी ह्यांनीं वरच्या वर्गांस व्यायाम सक्तीचा केला होता, आणि तो ह्या विद्यार्थ्यास मुळींच आवडत नसे. मात्र मोकळ्या हवेंत लांब फिरण्याचे फायदे त्यानें पुस्तकांत वाचले होते. ते मनास पटल्यामुळें त्यानें फिरण्याचा नेम धरला. आत्मचरित्रांत त्यांनीं स्वतःच हें नमूद केलें आहे. हेडमास्तरांची सक्ती वाया गेली, आणि पुस्तकांतला मजकूर जन्मभर पुरला! आम्हां शिक्षकांनीं हें मुकाट्यानें ऐकून घ्यावें हेंच बरें.

१९३० सालीं दांडीस निघतांना, स्वराज्य मिळाल्यावांचून साबरमतीच्या आश्रमांत परतणार नाहीं, असें त्यांनीं जाहीर केलें होतें. तें घर सुटलें तें सुटलेंच. पुढें जमनालाल बजाज ह्यांच्या आग्रहावरून ते वर्ध्यास आले आणि मगनवाडींत राहूं लागले. तेथून ३० एप्रिल १९३६ रोजीं पहाटे ते शेगांवास गेले, तेही पायींच. अंतर सुमारें पांच मैल, आणि दिवस वैदर्भी उन्हाळ्याचे. मीराबेन त्या गांवीं आधींच राहात होत्या. घर बांधावयाचें तर खर्च ५०० रुपयांहून अधिक होऊं नये आणि सामान जवळपासचेंच असावें, अशी गांधीजींची अट होती. जून महिन्यांत ते पुन्हा त्याच वाटेनें, ह्या वेळीं भर पावसांत, चालत आले. आमची काळी माती पावसाळ्यांत पायाला कशी धरते हें ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या पांच मैलांची किंमत कळेल. बुलढाण्याकडील शेगांवाशीं घोटाळा होऊन टपाल भलतीकडे जाई, म्हणून १९४० सालीं ह्या गांवाचें नांव सेवाग्राम झालें.

सकाळ-संध्याकाळ फिरावयास जाण्याचा नेम येथेंही चुकला नाहीं. ज्यांस कांहीं बोलावयाचें असे, त्यांस पुष्कळदां फिरण्याचीच वेळ मिळे. पुढाऱ्याला चालण्याची संवय नसली तर त्याची मोठी पंचाईत होत असेल! फिरून आले कीं आश्रमांतील आजाऱ्यांची विचारपूस होई. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री ह्यांना कुष्ठरोग झालेला. लोक अशा रोग्याजवळ उभे राहावयास भीत, अशा काळीं गांधीजी त्यांना स्वतः मालीश करीत. शास्त्रीबुवांची कुटी आजही तेथें आहे.

झाडांचीही गोष्ट सांगितली पाहिजे. प्रार्थनाभूमीजवळचा पिंपळ गांधीजींनीं १९३६ सालीं लावला, आणि बकुळ कस्तुरबांनीं. वर्धा-सेवाग्राम रस्त्याच्या कडेचीं जुनीं झाडें गांधीकालीन म्हणून ओळखलीं जातात. २०२० सालीं रस्तारुंदीसाठीं त्यांतलीं पुष्कळ पडलीं. नागरिक उभे राहिले तेव्हां तोड थांबली. रस्ता हवा हें मीही मानतों, पण ज्या रस्त्याची कीर्तिच मुळीं चालण्यानें झाली, तेथील सावली प्रथम जावी ह्याचें दुःख झाल्यावांचून राहात नाहीं.

ऑगस्ट १९४६ मध्यें गांधीजी सेवाग्रामाहून दिल्लीस गेले. नंतर नोआखाली, बिहार, कलकत्ता, पुन्हा दिल्ली. फेब्रुवारी १९४८ मध्यें सेवाग्रामास येण्याचा बेत ठरत होता. ३० जानेवारीस संध्याकाळीं बिर्ला भवनाच्या बागेंतून प्रार्थनेस चालत जातांना त्यांचा खून झाला. ती फेरी पुरी झाली नाहीं.

येथूनच पांच मैलांवर, धाम नदीच्या कांठीं, पवनारचा विनोबांचा आश्रम आहे. ते ८ मार्च १९५१ रोजीं पायीं निघाले. १८ एप्रिलास तेलंगणांतील पोचमपल्लीस त्यांना १०० एकर जमिनीचें पहिलें दान मिळालें. नंतर ते देशभर चालतच राहिले, आणि पवनारास परत आले ते १० एप्रिल १९६४ रोजीं.

आतां मी नातवंडांना घेऊन सेवाग्रामास जातों, तेव्हां आदि निवासापासून बा-कुटी, बापू-कुटी, परचुरे-कुटी अशी झाडांखालून एक फेरी होते. लहान मूलही थकत नाहीं. मुलें पुढें पळतात, आणि मी पिंपळाखालीं जरा थांबतों. पिंपळाचा बुंधा आतां दोघांच्या कवेंत मावत नाहीं. मुलांनीं करून पाहिलें आहे.