आयरिश सणाचं ताट आणि आपली एकादशी

स्वारगेटवरून शंकरशेठ रोडने गोळीबार मैदानाकडे जा, तिथून एम्प्रेस गार्डनची वाट धरा, की सेंट पॅट्रिक कॅथेड्रल लागतं. पुण्यात हे आयरिश नाव कुठून आलं? तर ब्रिटिश फौजेत आयरिश कॅथलिक शिपाई भरपूर होते आणि १८५० साली हे चर्च बांधलं गेलं ते त्यांच्यासाठी.

१८५० हे साल लक्षात ठेवा. त्याच्या पाचच वर्षं आधी, १८४५ मध्ये, आयर्लंडात बटाट्यावर करपा पडला. शेतातलं धान्य आणि जनावरं जायची जमीनदाराचा खंड भरायला, गरीब कुळाच्या पोटाला उरायचा फक्त बटाटा. तोच सडला. सुमारे दहा लाख माणसं मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. आणि त्याच काळात बंदरांतून धान्य, लोणी, जनावरं इंग्लंडला जातच होती!

१७ मार्चला सेंट पॅट्रिकचा सण असतो. त्या दिवशी अमेरिकेत आयरिश घरांत खारवलेलं गोमांस आणि कोबी शिजतो, 'पारंपरिक' म्हणून. गंमत अशी की आयर्लंडातल्या गरिबाला गोमांस परवडायचंच नाही. कॉर्क बंदरात ते खारवलं जायचं आणि परदेशी जायचं. त्याच्या घरी सणासुदीला फार तर डुकराचं मांस. न्यूयॉर्कला पोचल्यावर त्याला ज्यू खाटकांकडे खारवलेलं गोमांस स्वस्तात मिळालं आणि परंपरा तयार झाली. म्हणजे हे ताट स्थलांतरितांचं.

मी घरी करतो ते 'कोलकॅनन', शुद्ध शाकाहारी. हे मूळचं हॅलोविनचं. तेव्हा त्यात अंगठी लपवायचे, जिला सापडेल तिचं लग्न लवकर! मार्केट यार्डातला बटाटा उकडून कुस्करायचा, कोबी बारीक चिरून वाफवायचा, कांद्याची पात दुधात गरम करायची, सगळं एकत्र घोटायचं. ताटात वाढल्यावर मधोमध खळगा करून त्यात लोणी सोडायचं. मीठ, मिरपूड. बस्स. मोहरी-हिंगाची फोडणी द्यायचा मोह होतो, पण आवरायचा.

आता आपल्याकडे या. आयर्लंडच्या दुष्काळी मदतीची सूत्रं लंडनहून हलवणारे चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांचं मत होतं की सरकारने बाजारात फार हात घालू नये. तेच १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झाले. ते पुढे परत गेले, विचार मात्र इथेच राहिला. १८७६-७८ च्या दुष्काळात दख्खन होरपळत असताना हिंदुस्थानातून गव्हाची निर्यात चालूच होती. रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबाने मजुरी ठरवली. आपल्या मुंबई इलाख्यात मजुरांनी त्याविरुद्ध काम बंद केलं आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. हा इतिहास शाळेत एका ओळीत उरकतात.

आणि परंपरेचं म्हणाल, तर आपल्या एकादशीचं ताट बघा. बटाटा, मिरची, शेंगदाणा, रताळं, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांचा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच, आणि सेलमचे साबुदाण्याचे कारखाने १९४० च्या दशकातले. तुकोबांच्या घरी एकादशीला साबुदाण्याची खिचडी नव्हती हो!

म्हणून खिचडी कमी आपली ठरते का? मुळीच नाही. आजीने केली, आईने केली, ती आपलीच. पण ताटावरून दुसऱ्याला 'हे आपल्या संस्कृतीत बसत नाही' असं ठणकावताना एवढं आठवावं की आपलं ताटही चार समुद्र ओलांडून आलंय. त्यापेक्षा पिकवणाऱ्याच्या ताटात काय उरतं, हा प्रश्न विचारलेला बरा. १८४६ ला आयर्लंडात तो विचारायला हवा होता, १८७७ ला इथे, आणि कांदा-बटाट्याचे भाव पडतात तेव्हा आजही.

तुमच्याकडे पणजीच्या वेळी उपासाला काय असायचं? वरी, शिंगाडा, आणखी काही? नक्की लिहा.