भुताचा चित्रपट आणि न्यायालयाचा हुकूम



सन १९२५ मध्ये जर्मनीतल्या न्यायालयाने एक चमत्कारिक हुकूम दिला. एका चित्रपटाच्या असतील नसतील तेवढ्या सगळ्या प्रती नष्ट कराव्यात, असा तो हुकूम. चित्रपट राजद्रोही होता असे नाही, की अश्लील होता असेही नाही. त्याचा अपराध एवढाच, की त्याची कथा दुसऱ्याची होती आणि ती न विचारता घेतलेली होती. चित्रपटाचे नाव 'नोस्फेराटू' आणि दिग्दर्शकाचे नाव फ्रीड्रिख विल्हेल्म मुर्नाऊ. आज या माणसाविषयी आणि त्याच्या या चित्रपटाविषयी बोलायचे आहे.

मुर्नाऊ हे त्याचे खरे आडनाव नव्हे. त्याचा जन्म २८ डिसेंबर १८८८ रोजी बीलेफेल्ड या गावी झाला आणि घराण्याचे नाव प्लुंपे. वडील कापडाच्या धंद्यातले, सुखवस्तू. मुलगा बर्लिनला भाषाशास्त्र शिकला, मग हायडेलबर्गला कलेचा इतिहास आणि साहित्य. तिथे विद्यार्थ्यांच्या एका नाटकात तो काम करीत असताना त्या काळचा नामांकित नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट याने त्याला पाहिले आणि आपल्या नाट्यशाळेत ये म्हणून बोलावले. पोरगा नाटकात गेला हे वडिलांना रुचण्यासारखे नव्हतेच. आपल्याकडेही त्या काळी कोणत्या वडिलांना रुचले असते म्हणा! मुलाने बव्हेरियातल्या मुर्नाऊ या लहानशा गावाचे नाव घेतले आणि पुढे जगाने त्याला त्याच नावाने ओळखले.

मग १९१४ चे महायुद्ध आले. मुर्नाऊ आधी पायदळात होता, नंतर विमानदळात गेला. विमाने तेव्हा लाकडाची आणि कापडाची. कितीतरी वेळा त्याचे विमान कोसळले आणि प्रत्येक वेळी तो जिवंत बाहेर आला. त्याचा जिवलग मित्र, कवी हान्स एरेनबाउम-डेगेले, १९१५ मध्ये पूर्व आघाडीवर मारला गेला. शेवटी १९१७ च्या अखेरीस मुर्नाऊचे विमान स्वित्झर्लंडमध्ये उतरले. तो देश तटस्थ, म्हणून युद्ध संपेपर्यंत त्याला तिथे स्थानबद्ध करून ठेवले. तिथेही त्याने नाटके बसवली. १९१९ मध्ये तो बर्लिनला परतून चित्रपट काढू लागला, तेव्हा तो हरलेल्या देशात परतला होता. घरोघरी कोणी ना कोणी गेलेले, त्यावर १९१८ च्या इन्फ्लुएंझाची साथ आणि पोटाला धड अन्न नाही. अशा प्रेक्षकांना मरणाची गोष्ट सांगायला भुताचा आधार लागला, यात नवल ते काय?

युरोपात अशा गोष्टींची जुनी परंपरा आहे. पडके किल्ले, शापित घराणी, ओसाड वाडे, कबरीतून उठणारी माणसे असा सगळा मालमसाला. तिला 'गॉथिक' म्हणतात. आपल्या वेताळाच्या, मुंजाच्या, हडळीच्या गोष्टी तिच्या लांबच्या नातेवाईक म्हणायला हरकत नाही. या परंपरेतली सर्वांत गाजलेली कादंबरी म्हणजे ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाची 'ड्रॅक्युला'. ती १८९७ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी इकडे पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. साल ध्यानात ठेवा, कारण प्लेग पुढे या गोष्टीत येणार आहे.

आल्बिन ग्राऊ आणि त्याचा एक भागीदार यांनी बर्लिनमध्ये नवी कंपनी काढली. तिचे नाव 'प्राना फिल्म', म्हणजे आपला संस्कृत 'प्राण'! ग्राऊला गूढविद्येचे वेड होते, त्यामुळे पौर्वात्य शब्द त्याला आवडत. या कंपनीने 'ड्रॅक्युला'वर चित्रपट काढायचे ठरवले आणि तो मुर्नाऊकडे दिला. हक्क मात्र विकत घेतले नाहीत. पात्रांची नावे बदलली. काउंट ड्रॅक्युला झाला काउंट ऑर्लोक, लंडनऐवजी विस्बोर्ग नावाचे काल्पनिक जर्मन शहर आले आणि काळ १८३८ चा धरला. पण श्रेयनामावलीत ही कथा स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'वरून घेतली असे स्वच्छ लिहून टाकले. चोरी केली आणि चिठ्ठीही ठेवली!

आता चित्रपट कसा होता ते पाहू. त्या वेळी जर्मनीत 'डॉ. कालिगारी' या चित्रपटाने धूम केली होती. त्यात रस्ते, घरे, झाडे सगळी कापडावर वेडीवाकडी रंगवलेली. मुर्नाऊने उलट केले. तो कॅमेरा घेऊन बाहेर पडला. विस्मार बंदराचा चौक, ल्यूबेक येथील मिठाची जुनी गोदामे, स्लोव्हाकियातला ओरावाचा किल्ला आणि तात्रा डोंगर या खऱ्या ठिकाणी त्याने चित्रण केले. रंगवलेल्या पडद्यासमोर भूत दिसले तर माणूस म्हणतो, नाटक आहे. पण रोजच्या बाजारपेठेतून, उघड्या रस्त्यावरून बगलेत शवपेटी धरून कोणी चालत गेले तर? भीती तिथे आहे.

युक्त्या अगदी साध्या होत्या. काउंटची घोडागाडी अमानवी वेगाने धावते, कारण चित्रण करताना सेकंदाला कमी चित्रे घेतली. जंगलातून ती जाते तेव्हा फिल्मची निगेटिव्हच वापरली, म्हणून झाडे पांढरी आणि आकाश काळे दिसते. फोटो काढणाऱ्याच्या दुकानात ज्याने निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिली असेल त्याला हे लगेच उमगेल. आणि शेवटचा जिना. काउंट जिना चढतो, पण काउंट दिसतच नाही. भिंतीवरून दिसते ती त्याची सावली, लांबलचक बोटांची. पुढे त्या सावलीचा पंजा नायिकेच्या काळजावर मिटतो. कंदिलाच्या उजेडात भिंतीवर वाढत जाणारी सावली पाहून जो लहानपणी पांघरुणात शिरला आहे, त्याला याचा अर्थ समजावून सांगायला नको.

माक्स श्रेक या नटाने साकारलेला हा काउंट कादंबरीतल्या उमरावासारखा नाही. टक्कल, टोकदार कान, पुढे आलेले दोन दात, म्हणजे थेट उंदरासारखा. त्याच्याबरोबर जहाजातून मातीने भरलेल्या शवपेट्या येतात आणि त्यांत उंदीर असतात. जहाज बंदराला लागते तेव्हा त्यावर जिवंत माणूस नसतो. मग गावात प्लेग. दवंडी पिटली जाते, दारांवर खडूने फुल्या मारल्या जातात आणि अरुंद गल्लीतून एकामागून एक शवपेट्या जातात. प्लेगात ज्यांच्या पणज्यांनी गाव सोडून माळावर झोपड्या घातल्या, त्यांना यात परका देश दिसणार नाही.

शेवट पाहा. नायिका पहाटेपर्यंत पिशाच्चाला आपल्यापाशी खिळवून ठेवते. कोंबडा आरवतो, सूर्याचा किरण येतो आणि पिशाच्च धुरासारखे विरून जाते. आपल्या खेड्यातल्या कोणत्याही म्हातारीने हाच शेवट सांगितला असता! पण गंमत अशी, की स्टोकरच्या कादंबरीत असे काही नाही. तिथला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या फिरतो, फक्त त्याचे सामर्थ्य कमी होते. सूर्यप्रकाशाने रक्तपिपासू मरतो हा नियम पडद्यावर आणला तो 'नोस्फेराटू'ने. पुढे जगभरच्या शेकडो चित्रपटांनी तो उचलला आणि आता लोकांना तो मूळचाच वाटतो.

४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातल्या संगमरवरी दिवाणखान्यात मोठ्या थाटात पहिला खेळ झाला. थोड्याच दिवसांत त्याचे कार्यक्रमपत्रक लंडनमध्ये एका विधवेच्या हाती पडले. ती फ्लॉरेन्स स्टोकर. नवरा १९१२ मध्ये वारलेला, आणि त्याच्या पुस्तकांचे उत्पन्न हाच तिचा आधार. तिने लेखकांच्या संस्थेमार्फत दावा लावला. 'प्राना' कंपनीने जाहिरातीवर वारेमाप पैसा उधळला होता. त्याच वर्षी तिचे दिवाळे वाजले आणि हा एकुलता एक चित्रपट मागे राहिला. कंपनीच बुडाली तर भरपाई कोणाकडून घ्यायची? तेव्हा फ्लॉरेन्सबाईंनी मागणी बदलली. पैसे मिळत नाहीत ना, मग चित्रपट तरी राहू नये. न्यायालयाने ते मानले.

कलेचे इतिहासकार या बाईंना खलनायिका ठरवतात, ते मला पटत नाही. ज्याचे शेत त्याचे पीक, हा न्याय लेखकालाही लागू आहे. तिचा हक्क खरा होता. आणि तरीही, तो हुकूम पुरता अमलात आला असता तर जगाचे नुकसान झाले असते, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. शिक्षक मंडळींनी वर्गात हा प्रश्न टाकून पाहावा, मुले चांगली भांडतील.

हुकूम झाला, पण काही प्रती आधीच परदेशी गेल्या होत्या. जर्मन न्यायालयाचा हात तिथवर पोचला नाही. १९२९ मध्ये तो अमेरिकेत दाखवला गेला. पॅरिसच्या चित्रपट-संग्रहालयासारख्या ठिकाणी काही प्रती जपल्या गेल्या आणि त्यांच्यावरून चित्रपट पुन्हा जुळवता आला.

मुर्नाऊ मात्र या भानगडीतून पुढे निघून गेला होता. १९२४ मध्ये त्याने एका म्हाताऱ्या हॉटेल-दरवानाची गोष्ट सांगितली. दरवानाचा सोनेरी बटणांचा कोट काढून घेतात आणि त्याला संडासात टॉवेल द्यायला बसवतात, एवढेच कथानक. पण पडद्यावर संवादांच्या पाट्या जवळजवळ नाहीतच. कार्ल फ्रॉइंड या छायालेखकाने कॅमेरा तिवईवरून उतरवला आणि चक्क छातीला बांधून फिरवला. १९२६ मध्ये 'फाउस्ट' आला. त्यात सैतान आपला काळा झगा गावावर पसरतो आणि पुन्हा प्लेग येतो. गाव म्हणजे अर्थात छोटी प्रतिकृती. त्यानंतर अमेरिकेतल्या विल्यम फॉक्सने त्याला बोलावून घेतले. तिथला 'सनराइज' १९२७ चा. शेतकरी नवराबायकोची ही गोष्ट १९२९ च्या पहिल्याच ऑस्कर समारंभात गौरवली गेली. पण तिजोरी काही भरली नाही आणि स्टुडिओने मग त्याच्या कामात हात घालायला सुरुवात केली. तो वैतागून दक्षिण समुद्रातल्या बोरा बोरा बेटावर गेला आणि रॉबर्ट फ्लाहर्टीबरोबर 'टाबू' काढू लागला. दोघांचे पटले नाही. चित्रपट मुर्नाऊनेच पुरा केला.

इकडे फ्लॉरेन्सबाईंनी 'ड्रॅक्युला'चे हक्क रीतसर विकले आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये अमेरिकेत अधिकृत बोलपट निघाला. त्याचा छायालेखक कोण? तोच कार्ल फ्रॉइंड. नायक बेला लुगोसी, ज्याने १९२० मध्ये मुर्नाऊच्या हाताखाली काम केले होते. तो १९२० चा चित्रपटही स्टीव्हन्सनची 'जेकिल आणि हाइड'ची कथा नावे बदलून घेतलेला होता. म्हणजे मुर्नाऊची ही खोड जुनीच. जर्मन चित्रपटसृष्टीतली माणसे आपल्याकडेही आली. म्युनिकचा योझेफ विर्शिंग मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये छायालेखक होता. १९४९ च्या 'महल'मध्ये मधुबाला झोपाळ्यावर दिसते न दिसते, ते छायाप्रकाश त्याचे आहेत.

१० मार्च १९३१ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या रस्त्यावर मुर्नाऊची मोटार उलटली. दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात वारला. वय बेचाळीस. विमानांतून वाचलेला माणूस मोटारीत गेला. 'टाबू'चा पहिला खेळ व्हायला एक आठवडा उरला होता. देह जर्मनीत आणून बर्लिनजवळच्या स्टान्सडोर्फच्या दफनभूमीत ठेवला. २०१५ च्या जुलैत कोणीतरी ती कबर फोडून त्याची कवटी चोरून नेली.

त्याने सुमारे एकवीस चित्रपट काढले. त्यांतले बाराच आज पुरते पाहायला मिळतात. बाकीच्यांवर कोणत्याही न्यायालयाचा हुकूम नव्हता, ते नुसत्या हेळसांडीने गेले. दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चेही काही भागच उरले आहेत, हे आपण जाणतोच. त्या काळची फिल्म भडकन पेटणारी, आणि पेटली नाही तर डब्यातच कुजणारी.

'नोस्फेराटू'च्या ज्या प्रती वाचल्या, त्यांत बराच काळ एक विचित्र दोष दिसे. काउंट रात्री हिंडतो असे कथेत आहे, पण पडद्यावर लख्ख ऊन. लोक हसत. कारण असे, की त्या काळी रात्रीचे प्रसंग दिवसाच चित्रित करीत आणि मग फिल्म निळ्या रंगात बुडवून रात्र करीत. नकला करताना तो रंग गळून गेला होता. पुढे जाणकारांनी निरनिराळ्या देशांतल्या प्रती एकत्र ठेवून, एकेक तुकडा ताडून पाहिला आणि मूळ रंग पुन्हा भरले. घराच्या आतले प्रसंग पिवळसर, पहाट गुलाबी. आणि काउंट जेव्हा शवपेटी उचलून गल्लीतून चालू लागतो, तेव्हा ती गल्ली आता निळी असते.