डायलिसिस : खर्च, सोय आणि आधार
(पालघर व बोईसर-तारापूर परिसरातील कुटुंबांसाठी माहिती)

मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान होते, तेव्हा संकट एकट्या रुग्णावर येत नाही, ते साऱ्या घरावर येते. धर्मग्रामांत आजाऱ्यांना भेटावयास गेलो असता ‘डायलिसिस कुठे होईल आणि पैसा कुठून आणायचा?’ हे दोन प्रश्न आम्हाला वारंवार विचारले जातात. त्यांची उत्तरे येथे संकलित करीत आहोत.

उपचार म्हणजे काय?

मूत्रपिंडे रक्तातील टाकाऊ द्रव्ये व जादा पाणी बाहेर टाकतात. हे काम थांबले की यंत्राद्वारे रक्त शुद्ध करावे लागते. साधारणतः आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी सुमारे चार तास हा उपचार चालतो. एका वेळेस जवळजवळ १२० लिटर द्रावण लागते व ते अतिशुद्ध पाण्यापासूनच बनवावे लागते. म्हणून केवळ यंत्र आणून भागत नाही. जलशुद्धीकरण संयंत्र, अखंड वीज व प्रशिक्षित तंत्रज्ञ हेही हवेत. लहान गावांत केंद्रे का नाहीत, याचे हे एक कारण होय.

खर्च

२०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी एका डायलिसिसचा खर्च सुमारे २,००० रुपये, म्हणजे वर्षाला तीन लाखांहून अधिक, असा सांगितला होता. देशात दरवर्षी २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते आणि असलेली केंद्रे निम्मीच गरज भागवतात, असेही त्यांनी नमूद केले होते. आता तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कामगाराचा विचार करू. २०१७ साली कामगार राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये ठरली. म्हणजे वर्षाला २,५२,००० रुपये. त्या मर्यादेवरील कामगाराचा संपूर्ण पगारही या उपचाराला पुरत नाही.

शिवाय रक्तवाढीची इंजेक्शने, तपासण्या, प्रवास आणि सोबत्याचा बुडालेला रोज यांची भर पडते ती वेगळीच. बोईसर ते चर्चगेट हे अंतर सुमारे १०० किलोमीटर आहे. आठवड्यातून तीनदा मुंबई गाठणे थकलेल्या देहाला पेलवत नाही. मग तीनऐवजी दोन, पुढे एकच डायलिसिस होऊ लागते. ही काटकसर प्राणघातक ठरते. फुप्फुसांत पाणी साचते, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि हृदय अचानक बंद पडू शकते.

शासकीय आधार

१. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : २०१२ साली ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने सुरू झालेल्या या योजनेत डायलिसिसचा समावेश आहे. २०२३ च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण असून पांढरे शिधापत्रिकाधारकही पात्र आहेत. आधी पैसे भरून मागाहून परतावा मिळत नाही. अंगीकृत रुग्णालयातील ‘आरोग्यमित्रा’कडे प्रथम नोंदणी करावी. चौकशीसाठी १५५३८८ हा निःशुल्क क्रमांक आहे. वापी-सिल्वासाकडे जाणाऱ्यांनी तेथे योजना लागू होते का, हे आधी विचारून घ्यावे.

२. राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम : २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांच्या पातळीवर राबविला जातो. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना उपचार मोफत असतो.

३. कामगार राज्य विमा : विमाधारक कामगाराने व कुटुंबीयाने आपले कार्ड प्रथम दाखवावे. कंत्राटी कामगारांनी आपली वर्गणी खरोखर भरली जाते का, याची खात्री आजच करावी.

४. धर्मादाय रुग्णालये : उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला सोबत न्यावा.

५. प्रवास : डायलिसिसच्या रुग्णांना एसटीच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवासाची, तर रेल्वेत रुग्ण व एका सोबत्यास भाडेसवलत आहे. रुग्णालयाचे प्रमाणपत्र आवश्यक.

दुसरे मार्ग

केंद्र दूर असल्यास पोटातील पडद्याद्वारे घरीच करता येणाऱ्या डायलिसिसविषयी डॉक्टरांना विचारावे. त्यात द्रावणाच्या पिशव्या दिवसातून तीन-चार वेळा बदलाव्या लागतात व स्वच्छता काटेकोर पाळावी लागते. प्रत्यारोपण हा अधिक टिकाऊ उपाय होय. अवयवदान हे प्रीतीचे कृत्य आहे, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली रोम येथे प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या परिषदेत स्पष्ट केले होते.

आपण काय करू शकतो?

मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनी वर्षातून एकदा क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिनांची तपासणी करावी. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. धर्मग्रामातील संत विन्सेंट दी पॉल सोसायटीने व तरुणांनी औषधासाठी देणगी द्यावीच. परंतु कागदपत्रे जुळवून देणे, स्टेशनपर्यंत सोडणे, चार तास सोबत बसणे याही सेवाच आहेत. पैशाअभावी कोणाचा एकही डायलिसिस चुकू नये, एवढे तरी आपण शेजारी म्हणून पाहावे, ही आमची कळकळीची विनंती.