सेवा लोकांची, पगार धंद्याचा
एसटी संप आणि जुन्नर-आंबेगावचा डोंगरपट्टा

३० जुलै २०१४ ची सकाळ आंबेगाव तालुका विसरलेला नाही. डोंगर खचला आणि माळीण हे गाव काही क्षणांत मातीखाली गेले. मृतांचा अधिकृत आकडा १५१ आहे. ही बातमी बाहेर कशी गेली, हेही अनेकांना आठवत असेल. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गावाच्या जागी चिखलाचा ढीग दिसला आणि त्याने ते प्रशासनाच्या कानावर घातले. पावसात बाहेरचे कुणीही फिरकत नव्हते अशा ठिकाणी रोज न चुकता जाणारा सरकारी म्हणावा असा एकच माणूस होता, तो म्हणजे एसटीचा चालक. परंतु कायद्याने तो सरकारी नोकर नव्हता आणि आजही नाही. २०२१-२२ च्या एसटी संपाचा सारा वाद या विसंगतीतून निघाला होता.

तो संप महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातील सर्वांत लांबलेल्या संपांपैकी एक. त्याविषयी लिहिले गेले ते बहुतेक मुंबईकडे पाहून. आझाद मैदान, मंत्रालय, उच्च न्यायालय आणि नेत्यांची भाषणे एवढ्यातच ते लेखन फिरले. ज्या प्रवाशाच्या नावाने दोन्ही बाजू बोलत होत्या, तो प्रवासी कुठे उभा होता हे पाहायचे, तर जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम भाग ही योग्य जागा आहे.

मुक्कामी गाडीचे नाते

या दोन तालुक्यांचे सरळ दोन भाग पडतात. पूर्वेला पुणे-नाशिक महामार्ग, मंचर आणि नारायणगावच्या बाजारपेठा, ऊस, कांदा, टोमॅटो. पश्चिमेला सह्याद्रीची रांग, भात आणि हिरडा, महादेव कोळी आणि ठाकर वस्त्या, डिंभे धरणाचे पाणी. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगावही याच पाण्याखाली गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. आहुपे, आसाणे, हातवीज, घाटघर अशा गावांतून दवाखाना, कॉलेज, बँक, कचेरी गाठायची तर खाली घोडेगाव, जुन्नर किंवा मंचरलाच यावे लागते.

अशा गावांना एसटीने जोडले ते दोन प्रकारच्या फेऱ्यांनी. एक दिवसाची, दुसरी मुक्कामाची. संध्याकाळी वर गेलेली गाडी रात्री गावातच थांबते आणि पहाटे तीच गाडी विद्यार्थ्यांना, बाजारकरूंना, आजाऱ्यांना घेऊन खाली उतरते. चालक-वाहकाची रात्र देवळात, शाळेच्या ओट्यावर नाही तर कुणाच्या पडवीत जाते. कुणीतरी भाकरी-कालवण आणून देते. वाहक पुष्कळदा निरोप्याचेही काम करतो. औषधाची चिठ्ठी, शाळकरी मुलाचा डबा, शहरातल्या नातेवाइकाला सांगावा. म्हणून या गावांतला प्रवासी संपाकडे शहरी ग्राहकाच्या डोळ्यांनी पाहू शकत नव्हता. संपावरचा माणूस त्याच्या ओळखीचा होता. पुष्कळदा तो त्याच्यासारख्याच एखाद्या शेतकऱ्याच्या घरातला, नोकरी लागली म्हणून पेढे वाटलेला मुलगा होता.

संपाची आठवणही या भागाला नवी नव्हती. या तालुक्यांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गिरणीत आणि हमालीला गेली. १९३० मध्ये विदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा होऊन प्राण देणारा बाबू गेनू हा महाळुंगे पडवळचा, मुंबईतला गिरणी कामगारच. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा पगार थांबलेले हजारो कामगार घाटावरच्या आणि कोकणातल्या आपापल्या गावी परतले. संपाचा खरा निधी गावाकडचे धान्य हाच होता. संप कितीही न्याय्य असला तरी तो लांबला की घराचे काय होते, हे या गावांनी तेव्हाच पाहिले होते.

१९४८ आणि १९५०

मुंबई राज्यात सरकारी प्रवासी वाहतूक सुरू झाली ती १ जून १९४८ ला. पहिली गाडी पुणे आणि अहमदनगर यांच्यामध्ये धावली. त्याआधी खासगी सर्व्हिस मोटारी होत्या. जिथे प्रवासी भरपूर तिथे त्यांची झुंबड, जिथे कमी तिथे त्यांचा पत्ता नाही. ही विषमता मोडण्यासाठीच वाहतूक सरकारने हाती घेतली. पुढे मार्ग परिवहन महामंडळे अधिनियम, १९५० आला आणि त्याखाली महामंडळ उभे राहिले.

या कायद्यातील तीन कलमे शेजारी ठेवून वाचली की आजचा वाद समजतो. कलम १८ म्हणते की कार्यक्षम, पुरेशी आणि काटकसरीची वाहतूक पुरवणे हे महामंडळाचे कर्तव्य आहे. कलम २२ म्हणते की महामंडळाने व्यवहार धंद्याच्या तत्त्वावर करावा. आणि कलम ३४ नुसार नोकरभरती, सेवाशर्ती आणि वेतन यांबाबत राज्य सरकार महामंडळाला निर्देश देऊ शकते.

म्हणजे हातवीजला गाडी पाठवणे हे कर्तव्य, त्या फेरीचा हिशेब मात्र धंद्याचा. डोंगरातल्या फेरीत डिझेल जास्त जाते, झीज जास्त होते, तिकिटे कमी फाटतात. ती फेरी तोट्यातच जाणार, हे ठरवतानाच माहीत असते. हा तोटा कुणी सोसायचा, याचे स्पष्ट उत्तर कायद्याने दिले नाही. व्यवहारात तो दोघांनी सोसला. प्रवाशाने वाढीव भाड्याच्या रूपाने आणि कामगाराने कमी पगाराच्या रूपाने. त्यातच एसटीच्या तिकीट उत्पन्नावर राज्याचा १७.५ टक्के प्रवासी कर. तोट्यातल्या फेरीवरही तो भरावाच लागतो.

दरीचे आकडे

संपापूर्वी नव्या एसटी कर्मचाऱ्याचे मूळ वेतन होते १२,०८० रुपये आणि भत्ते धरून हातात येणारा आकडा १७,३९५ रुपये. त्याच वेळी सातव्या वेतन आयोगानुसार राज्य सरकारच्या सेवेतील सर्वांत खालच्या पदाचे मूळ वेतन १५,००० रुपये आणि सरकारी वाहनचालकाचे १९,९०० रुपये होते. अधिकाऱ्याची मोटार चालवणारा आणि पन्नास माणसे घेऊन घाट चढणारा, या दोघांच्या मूळ पगारात सुमारे आठ हजारांचे अंतर. विलीनीकरणाची मागणी कायद्याच्या भाषेत मांडली गेली, पण तिचा जोर या अंतरातून आला. आंध्र प्रदेशाने १ जानेवारी २०२० पासून आपल्या परिवहन महामंडळाच्या पन्नास हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत सामावून घेतले होते, हेही कामगारांच्या डोळ्यांसमोर होते.

ठिणगी त्याआधीही पडली होती. १७ ऑक्टोबर २०१७ ला, ऐन दिवाळीत, सातव्या वेतन आयोगासाठी संप झाला. उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवल्यावर चार दिवसांनी, भाऊबीजेच्या तोंडावर, तो मागे घेतला गेला. जून २०१८ मध्ये ४,८४९ कोटींची वेतनवाढ जाहीर झाली आणि ती अपुरी म्हणून पुन्हा दोन दिवस गाड्या थांबल्या. तो करार मार्च २०२० मध्ये संपला. नेमका तेव्हाच टाळेबंदीचा काळ आला. गाड्या उभ्या राहिल्या, पगार रखडले, काही कामगारांनी आत्महत्या केल्या. नवा करार झालाच नाही.

२०२१ च्या दिवाळीआधी दोन गोष्टी एका आठवड्यात घडल्या. २६ ऑक्टोबरपासून एसटीचे भाडे १७.१७ टक्क्यांनी वाढले. दुसऱ्याच दिवशी कामगारांचे उपोषण सुरू झाले. महागाई भत्ता २८ टक्के करण्याचे मान्य झाल्यावर संघटनांच्या कृती समितीने आंदोलन मागे घेतले, पण आगारांतले कामगार मागे हटले नाहीत. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात राज्यातील जवळपास सर्व अडीचशे आगारे बंद पडली. भाडेवाढीचे कारण डिझेल आणि संपाचे कारण पगार असे वेगवेगळे सांगितले गेले. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र हिशेब एकच होता. तो जास्त देत होता आणि गाडी चालवणाऱ्याला त्यातले काही मिळत नव्हते.

पाठिंब्याचे वजन

लोकांचा पाठिंबा होता का? होता, पण तो मोजता येईल अशा रूपात नव्हता. तेलंगणात ऑक्टोबर २०१९ मध्ये परिवहन कामगारांचा ५२ दिवसांचा संप झाला, तेव्हा १९ ऑक्टोबरला राज्यव्यापी बंद पाळला गेला. आपल्याकडे प्रवाशाची सहानुभूती बोलण्यापुरती राहिली. ‘पोरांचे बरोबर आहे, पण आमचे हाल होतात’ या सुरातली. या वाक्याच्या पहिल्या अर्ध्याचा आधार कामगारांनी घेतला, दुसऱ्या अर्ध्याचा सरकारने.

हाल खरेच होते. ग्रामीण भागातले पाचवीपासूनचे वर्ग करोनाच्या खंडानंतर ४ ऑक्टोबर २०२१ ला उघडले होते आणि महिन्याभरातच गाडी बंद झाली. सरकारने खासगी बस, शाळांच्या गाड्या, इतकेच नव्हे तर मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. महामार्गावर त्याने काम भागले. डोंगरात काळी-पिवळी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, पास चालत नाही आणि सवलतही नाही. म्हणजे १९४८ पूर्वीची सर्व्हिस मोटारीची रीत काही महिने परत आली. मार्च २०२२ मधील दहावी-बारावीच्या परीक्षा करोनामुळे ‘शाळा तेथे केंद्र’ अशा पद्धतीने झाल्या. त्याचा उपयोग एसटी नसलेल्या गावांना झाला, तो केवळ योगायोगाने.

पाठिंबा पातळ होत गेला त्याला संपाची वाटचालही कारण झाली. २४ नोव्हेंबरला सरकारने वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांच्या मूळ वेतनात ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षे सेवा असलेल्यांना ४,०००, वीस वर्षांवरील लोकांना २,५००. नव्या कामगाराचा एकूण पगार सुमारे २४,६०० वर गेला. काही नेते तिथे थांबले. कामगारांचा मोठा भाग विलीनीकरणावर ठाम राहिला. हजारोंवर निलंबनाची, बडतर्फीची कारवाई झाली. न्यायालयाच्या आदेशाने नेमलेल्या त्रिसदस्य समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचा निष्कर्ष दिला. ७ एप्रिल २०२२ ला उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर येणाऱ्यांवर कारवाई नको असे सांगितले, तर दुसऱ्याच दिवशी मुंबईत शरद पवार यांच्या निवासस्थानावर आंदोलकांनी धडक दिली. ज्यांची सहानुभूती शिल्लक होती त्यांपैकी अनेक जण तिथे दुरावले. साडेपाच महिन्यांनी लालपरी रस्त्यावर आली, पण तोवर अनेक घरांत हप्त्यावरची दुचाकी आली होती.

दरीच्या आतली दरी

नोव्हेंबरच्या वाढीने बाहेरचे अंतर थोडे कमी केले, पण आत एक नवे अंतर तयार केले. खालच्या पगाराला जास्त वाढ देण्याचा विचार चुकीचा नव्हता. परंतु वीस वर्षे घाटात गाडी चालवलेल्या माणसाला नव्याच्या निम्मी वाढ मिळाली आणि ज्येष्ठ व कनिष्ठ यांच्यातील फरक आकसला. एकाच गाडीवर रात्रीचा मुक्काम करणाऱ्या चालक आणि वाहकाला, केवळ सेवेची वर्षे वेगळी म्हणून, वाढीचे दोन आकडे पडू लागले. एकजूट असलेल्या कामगारांत ही तक्रार राहून गेली.

ती मिटायला आणखी एक संप लागला. ३ सप्टेंबर २०२४ ला, गणपती चार दिवसांवर असताना, गाड्या पुन्हा थांबल्या आणि दुसऱ्याच दिवशी तोडगा निघाला. एप्रिल २०२० पासून सर्वांना ६,५०० रुपयांची वाढ मान्य झाली. ज्यांना आधी ५,००० मिळाले होते त्यांना आता १,५००, ४,००० वाल्यांना २,५०० आणि २,५०० वाल्यांना ४,०००. तिन्ही बेरजा ६,५०० च येतात. साडेपाच महिन्यांत जे झाले नाही ते दोन दिवसांत झाले. सण आणि जवळ आलेली विधानसभा निवडणूक यांचे वजन त्यात होते, हे उघड आहे.

यातून काय उरते

मधल्या काळात सरकारने प्रवाशांना दोन मोठ्या सवलती दिल्या. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट. डोंगरातल्या बाईला याचा खरा उपयोग झाला. या सवलतींची भरपाई सरकार महामंडळाला तिजोरीतून देते. म्हणजे एसटी ही लोकसेवा आहे आणि तिचा खर्च धंद्याच्या हिशेबात बसत नाही, हे सरकारला मान्य आहे. फक्त ही मान्यता तिकिटापर्यंत येऊन थांबते. प्रवाशाची सवलत ही शासनाची योजना ठरते आणि चालकाचा पगार ही महामंडळाची अडचण ठरते.

विलीनीकरण हाच एकमेव उपाय आहे असे नाही. एका महामंडळाला सामावून घेतले की इतर महामंडळेही तीच मागणी करतील, ही सरकारची भीतीही खोटी नाही. परंतु कलम ३४ सत्तर वर्षांपासून हाताशी आहे. कोणत्या फेऱ्या लोकसेवा म्हणून चालवायच्या हे ठरवून त्यांचा पूर्ण खर्च, पगारासह, तिजोरीतून देता येतो आणि चार वर्षांचा वेतनकरार मुदतीत करता येतो. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

आणि इथे प्रवाशाचाही प्रश्न येतो. गाडी बंद पडली की आपण निवेदन देतो. गाडी चालू असताना ती चालवणाऱ्याचा करार संपून चार वर्षे झाली, हे ग्रामसभेच्या पुढ्यात कधी येत नाही. आहुप्याला पहाटेची गाडी हवी, ही गावाची मागणी असेल, तर ती गाडी आणणाऱ्याला वेळेवर आणि पुरा पगार मिळावा ही त्याच मागणीची दुसरी ओळ आहे. ती त्याच निवेदनात लिहिली गेली, तर पुढचा संप होण्याआधी काहीतरी घडण्याची शक्यता आहे.