खरवस : वासराचा वाटा

आजचा विषय कस्टर्ड आहे असं कळल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता पाककृती सांगणार का?" आम्ही म्हटलं, सांगू की. पण पाककृतीच्या मागे एक कहाणी आहे, ती सांगितल्याशिवाय सोडणार नाही.

सुरुवात शब्दापासून करू. कस्टर्ड हा इंग्रजी शब्द फ्रेंचमार्गे आला. त्याच्या मुळाशी कवच, पापुद्रा या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. म्हणजे आधी हे नाव होतं बाहेरच्या पिठाच्या कवचाचं. पुढे कवच गळून पडलं आणि नाव आतल्या दूध-अंड्याच्या सारणाला चिकटलं. १८३७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्यानं त्यातलं अंडंही काढून टाकलं. त्याच्या पत्नीला अंडी सोसत नसत, म्हणून त्यानं मक्याच्या पिठाची पावडर केली. अंडं गेलं तरी नाव तेच राहिलं. हीच बिनअंड्याची पावडर आपल्या शाकाहारी घरांना मानवली. १९५६ साली पुण्यातच सुरू झालेल्या वीकफिल्ड कंपनीचे डबे स्वयंपाकघरात आले आणि फ्रूट कस्टर्ड लग्नाच्या पंगतीत जाऊन बसलं.

पण मंडळी, दूध घट्ट करायला आपल्याकडे ना अंडं लागत होतं, ना पावडर. आपल्याकडे चीक होता. गाय किंवा म्हैस व्याली की पहिले काही दिवस जे दाट, पिवळसर दूध येतं, तो चीक. पहिल्या दिवसाचा सगळ्यात दाट. त्यात साधं दूध बरंच घालावं लागतं, नाहीतर खरवस रबरासारखा होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चीक पातळ होत जातो, तसं दूध कमी घालायचं. गूळ किंवा साखर, वेलदोडा, जायफळ घालायचं, भांडं वाफेवर ठेवायचं, सुरी घालून बघायची. स्वच्छ बाहेर आली की झालं.

हा घट्ट का होतो? साध्या दुधात प्रथिनं तीन-साडेतीन टक्के असतात. पहिल्या चिकात ती त्याच्या चौपट असतात. त्यांतली बरीचशी प्रथिनं उष्णतेनं अंड्याच्या पांढऱ्यासारखी आळतात. यातली पुष्कळशी असतात प्रतिपिंडं, म्हणजे रोगांशी लढणारी. गाईच्या पोटात असताना वासराला ती आईकडून मिळत नाहीत. माणसाच्या बाळाला मिळतात, वासराला नाही. ते जवळजवळ निःशस्त्र जन्माला येतं. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला तरच ही प्रतिपिंडं आतड्यातून रक्तात जातात. साधारण एका दिवसात ती वाट बंद होते. म्हणजे जे आपल्या भांड्यात खरवस घट्ट करतं, तेच वासराला जगवतं.

जरा पुढे विचार करा. अंड्यातलं पोषण पिल्लासाठी असतं. मक्याच्या दाण्यातलं पीठ उगवणाऱ्या कोंबासाठी असतं. चीक वासरासाठी. कस्टर्ड कुठलंही घ्या, ते घट्ट होतं पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलेल्या शिदोरीवर. हे खाऊ नये असं आम्ही म्हणत नाही. पण ही कोणाची शिदोरी आहे, हे माहीत असावं.

आपल्या परंपरेला ते माहीत होतं, पण ती एका मताची नव्हती. अमरकोशात 'पीयूष' म्हणजे गाईचं नवं दूध. हाच शब्द अमृतालाही वापरतात. आज पुण्या-मुंबईत पीयूष मागितलं की श्रीखंड-ताकाचं पेय मिळतं. नाव पुन्हा घर बदलून बसलं! उलट मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या पाठोपाठ गाईचा चीक वर्ज्य सांगितला आहे. व्यायल्यापासून दहा दिवसांच्या आतलं दूध वर्ज्य, आणि जिचं वासरू नाही त्या गाईचं दूधही वर्ज्य. एकीकडे अमृत, दुसरीकडे निषेध. आणि आपल्या आज्या? त्यांनी निषेध बाजूला ठेवून खरवस केला. पण पुष्कळ घरांत रीत अशी की आधी वासरू पिणार, मग उरलेला चीक काढायचा. तो विकायचा नाही, शेजारी वाटायचा. आणि शेजारीण भांडं रिकामं परत करणार नाही.

आता कहाणी. वसुबारसेला घरोघरी सांगितली जाते. एक म्हातारी शेतावर जाताना सुनेला सांगते, गव्हाळे-मुगाळे शिजवून ठेव. तिच्या मनात होतं धान्य, गहू आणि मूग. पण गोठ्यातल्या वासरांनाही घरात गव्हाळी-मुगाळी म्हणत. सुनेनं वासरं कापून शिजवली. म्हातारी परतली, पान वाढलं गेलं आणि तिला कळलं. ती देवापुढे बसून राहिली : गाई परत यायच्या आत वासरं जिवंत कर, नाहीतर प्राण देईन. संध्याकाळी गाई हंबरत आल्या आणि वासरं उड्या मारत त्यांना प्यायला धावली. म्हणून त्या दिवशी बायका गहू-मूग खात नाहीत, दूधदुभतं वर्ज्य करतात. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी करतात.

या कहाणीत दुष्ट कोणीच नाही. सून आज्ञाधारक आहे. पाप घडलं ते एका नावाला दोन अर्थ होते म्हणून. तत्त्वज्ञानाच्या वर्गात शब्द आणि पदार्थ यांचा संबंध शिकवायला आम्हाला याहून चांगलं उदाहरण सापडलं नाही.

आणि आता आपण हिंजवडीत बसलो आहोत म्हणून बोलतो. मुळशी तालुक्यातलं हे भातशेतीचं गाव. म्हातोबाच्या यात्रेला इथं आजही बगाड निघतं. गेल्या पंचवीसेक वर्षांत शेतांवर आयटी पार्क उभं राहिलं, आणि जमिनीबरोबर गोठेही गेले. खरवस मात्र गेला नाही. तो डेअरीत डब्यात मिळतो; घरी करायचा तर दूध, दही आणि डब्यातलं गोड आटवलेलं दूध एकत्र करून वाफवतात. चव बरी लागते, खोटं कशाला बोला! त्यात वासराचा वाटाही जात नाही. चीक तेवढा त्यात नाही. कवच गेलं, अंडं गेलं, इथं चीकही गेला. नाव शिल्लक आहे.

खऱ्या चिकाचा खरवस मिळाला तर खा, जरूर खा. तीस किलोच्या वासराला पहिल्या काही तासांत साधारण तीन लिटर चीक लागतो. चांगल्या दुभत्या गाईला त्याहून जास्त येतो. उरलेल्यावर आपला हक्क आहे असं आम्ही मानतो. फक्त देणाऱ्याला एक प्रश्न विचारा : वासरू प्यालं का?

त्या सुनेला धान्याच्या नावात वासरं ऐकू आली, आणि अनर्थ झाला. आपल्याला खरवसाच्या नावात वासरू ऐकूच येत नाही. कहाणीतल्या अनर्थावर म्हातारी रडली तरी. आपल्या इथं गाई हंबरत आल्याच, तर ऐकायला घरात कोण असेल, याचा विचार करत घरी जा.