शाळेत रोबोटिक्सचा संघ काढताय? कोड एकाच पोराच्या हाती ठेवू नका

माधवनगर : रोबोटिक्सचं किट शाळेत आलं की मुलं पहिल्या काही दिवसांतच गाडी पळवतात. खरी अडचण वर्षाने येते. कोड लिहिणारा दहावीतला मुलगा शाळा सोडून जातो आणि किट कपाटात जातं. म्हणून प्रोग्रामिंग कोण करणार, हे संघ काढतानाच ठरवावं लागतं.

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. ते नसलं तरी एक आर्डुइनो बोर्ड, दोन मोटारी, मोटर ड्रायव्हर आणि रेषा ओळखणारे सेन्सर एवढ्यावर सुरुवात होते.

स्पर्धा बघून संघ ठरवा. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडमध्ये दोन-तीन मुलांचाच संघ असतो. तिथल्या रोबोमिशन प्रकारात रिमोट चालत नाही, दोन मिनिटं रोबोट स्वतःच्या कोडवर चालतो. फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये १५ मुलांपर्यंत संघ चालतो. पहिली ३० सेकंद रोबोट आपला आपण चालतो, पुढची दोन मिनिटं मुलं तो चालवतात.

एका लॅपटॉपवर दोघं बसवा, एक आठवीतला, एक नववीतला. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने चुका धरायच्या, वीस मिनिटांनी जागा बदलायची. कोणती ओळ कशासाठी, हे कोडमध्येच मराठीत लिहून ठेवावं. रोज घरी जाताना फाइलला तारीख घालून पेनड्राइव्हवर कॉपी घ्यायची. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढच्या बॅचला तेच उपयोगी पडतं.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे 'दोन सेकंद पुढे जा' असा कोड. बॅटरी उतरली की तेवढ्याच वेळात गाडी कमी अंतर जाते, मग मुलं कोडला दोष देत बसतात. चाकाचे फेरे मोजणारा एन्कोडर किंवा रेषेचा सेन्सर वापरला तर हा घोळ बराच टळतो.

मदतीला माणसं जवळच आहेत. बुधगावला अभियांत्रिकी कॉलेज आहे, विश्रामबागेत १९४७ पासूनचं वालचंद आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांना रोबोकॉन माहीत असतं, २०१४ ची आंतरराष्ट्रीय फेरी तर पुण्यातच झाली होती. त्यांना शनिवारी जरूर बोलवा. फक्त दादा-ताईंनी कीबोर्डला हात लावायचा नाही, एवढं आधीच सांगून ठेवा.