तांदळावरची बुरशी आणि दुखणारे अंग

लकव्यातून वाचलेल्या माणसाला कोलेस्टेरॉल उतरवणारी एक लहानशी गोळी रोज घ्यायला सांगतात. तिचा उगम तांदळावरच्या बुरशीत आहे, हे एटापल्लीत सांगितले की ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. आपल्याकडे बुरशी आलेले धान्य फेकायचे असते आणि पावसाळ्यात उगवणारे टेकोडे खायचे असतात, एवढाच बुरशीशी संबंध. मी डॉक्टर नाही, छापील शोधनिबंध वाचून जुन्या गोष्टी जुळवणारा माणूस आहे. पण ‘या गोळीने अंग दुखते’ म्हणून ती बंद केलेली माणसे आसपास भेटत राहिली, तेव्हा हे दुखणे नेमके कुठून सुरू झाले ते शोधावेसे वाटले.

हृदयविकार आणि लकवा ही शहरातल्या खात्यापित्या लोकांची दुखणी, असा समज अजून आहे. ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील 86 गावांमध्ये 2011 ते 2013 या काळातील मृत्यूंची नोंद ठेवली आणि हा समज मोडला. 1599 मृत्यूंपैकी 229, म्हणजे 14.3 टक्के, लकव्याने झाले होते. मृत्यूचे ते सर्वांत मोठे एकच कारण ठरले. त्यातले 87.3 टक्के मृत्यू घरीच झाले. लकव्यामागचे पहिले कारण वाढलेला रक्तदाब हेच आहे आणि पहिला उपचारही त्याचाच. पण रक्ताची गुठळी होऊन लकवा झालेल्यांना पुढचा झटका टाळण्यासाठी जी औषधे देतात, त्यांत स्टॅटिन असते. म्हणून हा इतिहास आपलाही आहे.

तो सुरू होतो जपानमध्ये. अकिरा एंडो हे 1933 साली अकिता प्रांतातल्या शेतकरी कुटुंबात जन्मले. लहानपणापासून त्यांना अळंब्या आणि बुरशांचे वेड होते आणि पेनिसिलिन शोधणारे फ्लेमिंग हे त्यांचे आदर्श होते. सांक्यो या औषध कंपनीत 1971 साली त्यांनी एक कल्पना घेऊन काम सुरू केले. अनेक जीवांना पेशीचे आवरण बांधण्यासाठी कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ लागतात. मग शत्रूचा हा कारखानाच बंद पाडणारे रसायन एखादी बुरशी बनवत असेल का? दोन वर्षांत सहा हजारांहून अधिक बुरशा आणि जिवाणू तपासून झाले. क्योटोतल्या एका धान्यदुकानातील तांदळावर सापडलेल्या निळसर-हिरव्या ‘पेनिसिलियम सिट्रिनम’ बुरशीत 1973 साली असे रसायन मिळाले. त्याचे नाव पडले कॉम्पॅक्टिन. त्याच वर्षी डिसेंबरात आपल्या शेजारच्या हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प उभा राहत होता. गडचिरोली जिल्हा अजून झाला नव्हता, हा सारा मुलूख चंद्रपूर जिल्ह्यात मोडत होता.

ही गोळी काम कशी करते? शरीरातले पुष्कळसे कोलेस्टेरॉल आपण खात नाही, शरीर ते स्वतःच बनवते आणि यकृत हा त्याचा मोठा कारखाना. हे काम अनेक पायऱ्यांनी होते. त्यांतल्या सुरुवातीच्या एका पायरीवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, मुकादमासारखे काम करते. स्टॅटिन त्या विकराची जागा अडवून बसते. यकृतात कोलेस्टेरॉलची टंचाई झाली की त्याच्या पेशी बाहेरच्या अंगाला जादा ‘हात’ काढतात आणि रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल आत ओढून घेतात. म्हणजे औषध रक्त धूत नाही, ते यकृताला रक्तातून माल उचलायला लावते. हे हात अमेरिकेतील ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी शोधले. त्यांना 1985 साली नोबेल मिळाले, एंडोंना मिळाले नाही. पायरी कोणती अडवायची हेही महत्त्वाचे होते. आधीच्या ट्रायपॅरानॉल या औषधाने शेवटची पायरी अडवली, अर्धवट बनलेला माल शरीरात साचला, रुग्णांना मोतीबिंदू झाले आणि 1962 साली ते मागे घ्यावे लागले.

कॉम्पॅक्टिन उंदरांवर चालले नाही. काम तिथेच संपायचे, पण एका सहकाऱ्याच्या प्रयोगातल्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते दिल्यावर कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्याने उतरले. 1978 साली ओसाकात डॉ. यामामोटो यांनी ते पहिल्यांदा माणसाला दिले. रुग्ण होती 18 वर्षांची मुलगी, जन्मजात दोषामुळे कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेली. कोलेस्टेरॉल उतरले, पण काही दिवसांत तिच्या स्नायूंतली ताकद गेली. औषध थांबवले, ताकद परत आली. पुढच्या रुग्णांना मात्रा कमी करून दिली. आज ज्या अंगदुखीची चर्चा होते, ती अशी पहिल्याच रुग्णापासून या औषधासोबत आहे.

कुत्र्यांना प्रचंड मात्रा दिल्यावर दिसलेल्या गाठींच्या शंकेने सांक्योने 1980 साली कॉम्पॅक्टिन सोडून दिले. अमेरिकेतील मर्क कंपनीने दुसऱ्या बुरशीतून काढलेले लोव्हास्टॅटिन 1987 साली बाजारात आणले. तरी आयुष्य खरेच वाढते का, हा प्रश्न उरला होता. त्याचे उत्तर 1994 साली उत्तर युरोपातील 4444 हृदयरुग्णांच्या चाचणीने दिले. सुमारे साडेपाच वर्षांत साध्या गोळीच्या गटात 256 जण दगावले आणि सिम्व्हास्टॅटिनच्या गटात 182.

मग 2001 साल आले. सेरिव्हास्टॅटिन या नव्या भावंडाने स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होण्याचे प्रकार घडले. जेमफायब्रोझिल या औषधासोबत घेतल्यावर धोका फार वाढत होता. बायर कंपनीने ते जगभरातून मागे घेतले. भीती मात्र साऱ्या स्टॅटिनांना चिकटली.

भीती किती खरी, याची मोजणी झाली आहे. 2022 साली 19 चाचण्यांतील 1,23,940 लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी 27.1 टक्क्यांनी स्नायूदुखी सांगितली आणि साधी गोळी घेणाऱ्यांपैकी 26.6 टक्क्यांनी. म्हणजे दुखणे खरे, पण बहुतेकांत ते गोळीचे नव्हते. जो थोडा फरक होता तो मुख्यतः पहिल्या वर्षातला. खरा स्नायुविकार दहा हजार जणांनी पाच वर्षे गोळी घेतली तर सुमारे पाच जणांना होतो. मधुमेहाचा धोका थोडा वाढतो: 255 जणांना चार वर्षे औषध दिले तर एक जादा रुग्ण. लकवा झालेल्यांच्या 2006 सालच्या चाचणीत पुन्हा लकवा होण्याचे प्रमाण 13.1 वरून 11.2 टक्क्यांवर आले, मात्र मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रकार किंचित वाढले. म्हणून पहिला लकवा गुठळीचा होता की रक्तस्रावाचा, हे सीटी स्कॅन करून कळणे महत्त्वाचे. यकृताच्या वारंवार तपासणीची सक्ती मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2012 सालीच काढली. दूरच्या पाड्यावरून तेवढ्यासाठी खेप घालावी लागणाऱ्याला ही मोठी सोय आहे.

आता हे आकडे एटापल्लीत आणून पाहू. धानाच्या रोवणीत दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईची कंबर आणि मांड्या दुखणारच. गोळी त्याच महिन्यात सुरू झाली असेल तर दोष गोळीवर जातो आणि ती बंद होते. उलट, अंग तर सगळ्यांचेच दुखते म्हणून खऱ्या धोक्याकडे दुर्लक्षही होऊ शकते. दोन्हींतला भेद करायला यंत्र लागत नाही, विचारपूस लागते. काम थांबवून दोन दिवस विश्रांती घेतल्यावर दुखणे कमी झाले का? उठता-बसता येत नाही, हात वर जात नाही, अशी ताकद गेली आहे का? लघवी काळ्या चहासारखी होते का? शेवटच्या दोनपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. क्षयरोगाच्या उपचारातील रिफाम्पिसिन अॅटोरव्हास्टॅटिनचा परिणाम कमी करते आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखी प्रतिजैविके ते शरीरात साचू देतात, म्हणून दुसरे काय चालू आहे तेही विचारावे. गरोदरपणात ही गोळी सहसा देत नाहीत.

अडचण अशी की दुखणे माडियात सांगितले जाते, चिठ्ठी इंग्रजीत लिहिली जाते आणि मधला प्रश्न मराठीतही विचारला जात नाही. अॅटोरव्हास्टॅटिन आज राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, म्हणजे औषधाची बाजू बऱ्याच अंशी सुटली आहे. ओसाकातल्या त्या मुलीची ताकद गेल्याचे डॉक्टरांनी वेळेत ओळखले आणि मात्रा बदलली, म्हणून हे औषध पुढे जगाला मिळाले. एंडो 2024 साली वारले. रुग्णाचे दुखणे नीट ऐकून घेण्याचे ते काम आपल्याकडे आशाताई आणि आरोग्यसेविका करू शकतात. त्यांच्या हाती हे प्रश्न माडियात लिहिलेल्या एका कागदावर पडले, तर सोडून दिलेल्या कितीतरी गोळ्या पुन्हा सुरू होतील आणि थांबवायला हव्या त्या वेळेत थांबतील.